दप्तरात गेलेला पत्ता

मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, निघणाऱ्या ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खासगी जीवन जपण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु जी गोष्ट सार्वजनिक दप्तरात गेली, तिच्यापुरता तो साधारणतः उरत नाही. मग दप्तरात काय जाऊ द्यावे, हाच प्रश्न कळीचा ठरतो.

विकिपीडियाचेच पाहा. खाते न उघडता कोणी एखादा शब्द सुधारला, तर त्याच्या इंटरनेट-जोडणीचा अंकी पत्ता, ज्याला आयपी म्हणतात, लेखाच्या इतिहासात सर्वांसमक्ष छापला जाई. त्यावरून गावाचाही सुगावा लागे. आता त्याजागी तात्पुरते नाव दिसते. पण खोडसाळांना अडविणाऱ्या संपादन-गाळणीला मूळ पत्ता कधीकधी लागतोच! म्हणून तो वापरणारी गाळणी ‘संरक्षित’ ठरते. तिचे नियम व नोंदी मोजक्या विश्वासू मंडळींनाच उघडता येतात, आणि पत्ता कोणी पाहिला याचीही नोंद राहते. पहारेकऱ्यावर पहारा, असे कोणी हसून म्हणेल, म्हणो बापडा. पूर्वी छापलेले पत्ते मात्र जुन्या पानांच्या इतिहासात तसेच आहेत.