सरांचा कोड माझ्या हाती आला, तेव्हा

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की लिहिणारा माणूस सोडून चाललाय आणि त्याचा भलामोठा जुना प्रोजेक्ट आपल्या गळ्यात पडलाय, तर काय करायचं? आज माझाच अनुभव सांगतो. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका दूध संघाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर. व्हिज्युअल बेसिक ६ मधलं, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ सालीच बंद केला. लिहिणारे सर एकटेच, आणि महिनाअखेर निवृत्त होणार. माझ्या हातात पंधरा दिवस.

पहिला आठवडा मी डॉक्युमेंटेशन मागण्यात घालवला. सरांनी बिचाऱ्यांनी रात्री बसून चाळीस पानांची वर्ड फाइल करून दिली. कुठल्या टेबलात काय, कुठला फॉर्म काय करतो. सगळं बरोबर होतं. पण ते मला कोड वाचूनही कळलं असतं ना!

एक गोष्ट नशिबाने झाली. माझ्या मशीनवर एक्झी बनवायला गेलो, तर बनेना. ग्रिडच्या एका जुन्या ओसीएक्सचं लायसन्स फक्त सरांच्या पीसीवर होतं, आणि तो पीसी भंगारात जायचा होता. (हशा) शिवाय फोल्डर चार: ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’. सर्व्हरवरची एक्झी यातल्या कशातून झाली, हे शोधायला सरांसकट दोन दिवस गेले.

सर गेले. महिन्याभरात मी साफसफाई काढली. बिलाच्या मोड्यूलमध्ये एक विचित्र अट होती: केंद्र क्रमांक ४० च्या पुढचा असेल, तर शेवटच्या दिवशीचं संध्याकाळचं संकलन दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत घ्यायचं. कॉमेंट नाही, काही नाही. म्हटलं, कधीकाळचा जुगाड असेल. काढून टाकली.

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, हे गावाकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. बिल निघालं आणि एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, “साहेब, आमचं दहा तारखेचं संध्याकाळचं दूध कुठं गेलं?” मग दुसऱ्यांचा, तिसऱ्यांचा. दहा दिवसांत वीस वेळा दूध घातलं जातं, त्यातली एक वेळ गायब. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईला ते पैसे किती असतात, याचा विचार मी कोड काढताना केलाच नव्हता.

सरांना फोन लावला. “सर, ते चाळीसच्या पुढचं...”

“काढलंस होय रे? अरे, ती डोंगरातली केंद्रं. तिथं रेंज नसते. सचिव टँकरबरोबर पेन ड्राइव्ह पाठवतात, तो सकाळी येतो.”

“पण सर, हे फाइलमध्ये नव्हतं.”

“तू विचारलंस कुठं?”

खरंच होतं. मी “हे काय करतं?” एवढंच विचारत होतो. “हे असं का?” एकदाही नाही.

डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी १९८५ साली ‘प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ नावाचा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम असा का आहे, याची समज लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असते. कागदावर ती पुरती उतरत नाही. नव्या माणसाने जुन्याबरोबर काम करूनच ती घ्यावी लागते. मी हे वाचलं ते फरकाची बिलं काढून झाल्यावर!

मग दोन रविवार सरांच्या घरी गेलो. लॅपटॉप माझ्या हातात, सर शेजारी, चहा काकूंचा. विचित्र ओळ दिसली की एकच प्रश्न: “सर, हे कुणाच्या फोनमुळे आलं?” आणि सर आतून डायऱ्या घेऊन आले. वर्षानुवर्षांच्या. कुठल्या सचिवाची काय तक्रार, कुठल्या तारखेला, काय बदललं. खरं डॉक्युमेंटेशन ते होतं, आणि ते रद्दीत जाता जाता वाचलं.

आता काहीही बदललं, की बॅकअपवर मागच्या वर्षाची छत्तीस बिलं पुन्हा चालवतो आणि जुन्या बिलांशी पैशापर्यंत ताडून बघतो. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावली असती, तर ती चूक टेबलावरच सापडली असती.

ती अट परत जागेवर आहे. तिच्यावर सात ओळींची कॉमेंट आहे, सरांच्याच शब्दांत. व्हीबीच्या एडिटरला देवनागरी जमत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांतली मराठी. चला, भेटू पुढच्या भागात.