शेकडा चूक आणि शेकडा विचलन

अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, जिल्ह्याच्या सीमेवर अकोले तालुक्यांत कळसूबाईचें शिखर उभें आहे. महाराष्ट्रांतील हें सर्वांत उंच शिखर. त्याची मान्य उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. समजा, एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं वायुभारमापकाच्या साह्यानें ती मोजली, आणि तीन तुकड्यांचीं उत्तरें १६७८, १६८० व १६८२ मीटर अशीं आलीं. उत्तरें एकमेकांशीं इतकीं जुळतात कीं, काम चोख झालें असें कोणासही वाटावें.

परंतु येथें प्रश्न दोन आहेत. मोजणारे एकमेकांशीं किती जुळतात, हा पहिला. आणि ते सत्याशीं किती जुळतात, हा दुसरा. तिन्ही उत्तरांची सरासरी १६८० मीटर. तीपासून कोणतेंही उत्तर २ मीटरांहून अधिक दूर नाहीं. २ ला १६८० नें भागून १०० नें गुणिलें असतां सुमारें ०.१२ येतात, हें शेकडा विचलन होय. आतां सरासरी व मान्य उंची यांतील अंतर पाहावें. तें ३४ मीटर आहे. त्यास १६४६ नें भागल्यास शेकडा चूक दोनांहून किंचित् अधिक निघते. म्हणजे एकवाक्यता उत्तम, पण सत्य दूरच! पायथ्याचा वायुभार सकाळीं दहाच्या सुमारास आणि शिखरावरील दुपारीं चारला मोजला, तर असें घडूं शकतें. कारण तेवढ्या वेळांत हवेचा दाब स्वाभाविकपणें उतरतो, आणि तो उतार उंचीच्या खात्यावर जमा होतो. दहा वेळां मोजूनही हा दोष जात नाहीं.

चुकीचें मोल तिच्या आकारावर नव्हे, मोजलेल्या वस्तूच्या मानानें ठरतें. एव्हरेस्टची उंची १८५६ सालीं २९,००२ फूट जाहीर झाली. २०२० सालीं ती ८८४८.८६ मीटर ठरली. अंतर सुमारें ९ मीटरांचें, म्हणजे शेकडा एक दशांश. तेंच अंतर कळसूबाईच्या मापनांत पडतें, तर चूक पांचपटींहून अधिक भरली असती.

हें गणित केवळ प्रयोगशाळेपुरतें नाहीं. हवामानखात्याच्या जुन्या धर्तीच्या पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर असतो. रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजतात. हंगामाचा पाऊस सरासरीपासून शेकडा १९ पर्यंत कमी वा अधिक असेल तर तो ‘सामान्य’. २० ते ५९ नें कमी असेल तर ‘तुटीचा’. येथें विचलन हा मोजणाऱ्याचा दोष नव्हे, निसर्गाचा स्वभाव आहे. परंतु त्यांत मापकाची चूक मिसळली कीं दोन्ही ओळखूं येत नाहींत.

उदाहरणार्थ, एखाद्या गांवची सरासरी ५०० मिलिमीटर असून पाऊस ४०५ मिलिमीटर पडला. तूट शेकडा १९, वर्ष सामान्य. पण मापकाचें तोंड घडणींतच २ मिलिमीटरांनीं अरुंद राहिलें असेल, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें बदलत असल्यामुळें पाणी शेकडा तीन कमी सांठतें. नोंद होते ३९२ मिलिमीटरांची. तूट शेकडा २१ वर जाते, आणि तेंच वर्ष ‘तुटीचें’ ठरतें. उलट मापकाचें तोंड तितकेंच रुंद असेल, तर खरी तूट झांकली जाईल. दुष्काळ ठरवितांना पावसाचें विचलन हा एक प्रमुख निकष असतो. म्हणून १९७२ च्या दुष्काळाची आठवण जपणाऱ्या ह्या जिल्ह्यांत दोन मिलिमीटरांचा प्रश्न चाऱ्याच्या व मजुरीच्या प्रश्नापर्यंत पोहोंचतो.

यास्तव शेकडेवारी ऐकतांना सुज्ञानें तीन गोष्टी विचाराव्या: हे शेकडे कशाच्या मानानें काढले; मोजलेल्या आकड्यांत मेळ किती; आणि मापकाची परीक्षा प्रमाणित मापाशीं झाली आहे काय? मेळ पुनः पुनः मोजून कळतो. सत्याशीं असलेलें अंतर मात्र स्वतंत्र प्रमाणाशीं ताडून पाहिल्यावांचून कळत नाहीं.