शेजारच्या आजींचं पुरण



जुलै-ऑगस्ट आला, की ओळखीतल्या दोन-तीन घरांत तरी परदेशी निघालेल्या लेकरांच्या बॅगा भरणं चालू असतं. भाजणी किती द्यायची, मेतकूट किती, लोणच्याला प्लास्टिकच्या दोन पिशव्या पुरतील की तीन, हे विचारायला त्यांच्या आया मला फोन करतात. मी सगळं मनापासून सांगते. पण फोन ठेवल्यावर वाटतं, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. ते आज सांगते.

१९९८च्या एप्रिलमध्ये मी कामासाठी जपानमधल्या क्योतोला गेले आणि दोन वर्षं राहिले. मी मावळातली, जन्माची शाकाहारी. आमच्याकडे भात म्हणजे इंद्रायणी, वडगाव मावळच्या केंद्रात तयार झालेलं, आंबेमोहराच्या घराण्यातलं वाण. तो मऊ शिजतो, शितं एकमेकांना धरून बसतात. मोकळ्या भाताची सवय असलेल्या पाहुण्यांना तो गिचका वाटायचा. क्योतोच्या कॅन्टीनमध्ये पहिल्या दिवशी भाताची वाटी हातात आली, तेव्हा मी थबकलेच. तोच चिकटपणा, तोच मऊपणा. वाटलं, चला, भात तर आपला आहे.

बाकीच्या ताटातलं काहीच ओळखीचं नव्हतं. भाताबरोबर मिसोचं सार असायचं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. सारात टोफूचे तुकडे आणि कांद्याची पात. तीन आठवडे मी ते समाधानानं प्यायले. मग एका सहकारी बाईंनी काळजीनं सांगितलं, की या साराचं पाणी माशाचं असतं. बोनिटो मासा शिजवून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात, त्याचे पातळ कीस गरम पाण्यात टाकतात आणि ते पाणी गाळून घेतात. त्याला म्हणतात दाशी. सार, भाज्या, नूडल्स, वरून लावायचे रस, सगळ्यांच्या मुळाशी दाशी. मी हॉटेलात 'निकु नको' म्हणायला शिकले होते. पण निकु म्हणजे प्राण्याचं मांस, मासा त्यात येतच नाही. माझ्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. मीच अर्धा प्रश्न विचारत होते.

त्या दिवसापासून मी बाहेरचं खाणं सोडलं. भात, मेतकूट, लोणचं. लोणचं, मेतकूट, भात. जूनमध्ये मेतकुटाचा डबा खरवडून संपला. तोवर माझं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. तिथे जूनमध्ये पावसाळी दिवस असतात. घर ओलसर, कपडे वाळत नाहीत. त्यातच मला ताप आला.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी एकट्या राहायच्या. दोन दिवस माझी चाहूल लागली नाही म्हणून त्यांनी दार वाजवलं. मला बघून त्या परत गेल्या आणि तासाभरानं मातीचं झाकणाचं भांडं घेऊन आल्या. झाकण उघडण्याआधी त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: तांदूळ, पाणी, मीठ. मासा नाही. भांड्यात गुरगुट्या भात होता! एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवलेला, आणि मधोमध एक लालसर, सुरकुतलेलं, खारवलेलं फळ. त्याला उमेबोशी म्हणतात. जिभेवर ठेवलं तर आंबट-खारट असं, की कानशिलं ताणली गेली. माझी आई तापात मऊ भात आणि लिंबाचं जुनं लोणचं द्यायची. मी ते भांडं हळूहळू पूर्ण संपवलं.

बरी झाल्यावर मी त्यांना म्हटलं, मला तुमचा स्वयंपाक शिकवा. माझी जपानी भाषा तोडकीमोडकी होती, पण चुलीपुढे भाषा थोडी लागते.

पहिला धडा दाशीचाच. कोन्बु नावाची समुद्री वनस्पती वाळवलेली मिळते, चामड्यासारखी जाड. तिचा तुकडा गार पाण्यात घालून ठेवायचा, मग मंद तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत तुकडा काढून घ्यायचा. ही झाली बिनमाशाची दाशी. बौद्ध मठांतला स्वयंपाक हिच्यावर आणि वाळवलेल्या शिताके अळंबीच्या पाण्यावर चालतो. मूळचे क्योतोचेच असलेले किकुनाए इकेदा नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९०८ साली त्यांनी कोन्बुमधून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो शोध बाजारात आला, तेच आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवरचं अजिनोमोटो. पिकलेल्या टोमॅटोतही हे द्रव्य असतं. म्हणजे ही चव आपल्या जिभेला नवी नाही, फक्त आपण तिला नाव दिलेलं नाही.

एकदा 'हे कसं करतात' असं विचारायला लागले आणि माझी भूक परत आली. सातोइमो नावाचे केसाळ कंद बाजारात दिसायचे. सोलून पाहिले तर अळकुड्या. कोन्याकु नावाची थुलथुलीत राखाडी वडी मला बघवत नसे. ती ज्या कंदाची करतात तो आपल्या सुरणाचा भाऊबंद आहे, हे कळल्यावर मी ती परतून खाल्ली. आवडली नाही, आणि नाही आवडली तर नाही. मासा मी शेवटपर्यंत खाल्ला नाही. पण आता मला पूर्ण वाक्य बोलता येत होतं: माशाची दाशी नको, कोन्बुची चालेल. नकार नीट सांगितला तर समोरचा माणूस दुखावत नाही, उलट कामाला लागतो, हा माझा तिथला अनुभव.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आजींनी मला सकाळीच बोलावलं. जपानमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराच्या आठवड्याला हिगान म्हणतात. तेव्हा पितरांची आठवण करतात. ओट्यावर अझुकी नावाचे लाल दाणे शिजत होते, चवळीपेक्षा बारीक. मऊ झाल्यावर त्यांनी त्यात साखर घातली आणि लाकडी उलथन्यानं ढवळत राहिल्या. कडेनं सुटेपर्यंत. मी बघत होते. घरी भाद्रपदात आई पितृपंधरवड्यात अशीच पातेल्यापुढे उभी असायची. भाताचे गोळे करून त्यांवर ते पुरण थापलं, पहिले दोन घरातल्या देव्हाऱ्यात नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवले, हात जोडले, आणि मग माझी बशी भरली. याला ओहागी म्हणतात. शरद ऋतूत हागीची झुडपं फुलतात, त्यांवरून हे नाव. हाच पदार्थ वसंतात केला की बोटान फुलावरून त्याला बोतामोची म्हणतात.

मार्चमध्ये होळी आली. हरभऱ्याची डाळ नव्हती, मग मी अझुकीचंच पुरण केलं. ओकिनावाचा काळा गूळ मिळाला. लोणी कढवून तूप केलं, घरून आणलेले वेलदोडे कुटून घातले. पोळ्या फाटल्या, तरी दोन नीट उतरल्या त्या आजींकडे नेल्या. भारतातून निसटलेल्या रासबिहारी बोस यांना तोक्योतल्या ज्या नाकामुराया दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, त्याच दुकानात १९२७पासून त्यांच्या पद्धतीची भारतीय करी मिळू लागली, हे मी तेव्हाच वाचलं होतं. म्हणून मनात धीर होता.

आजींनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. वेलदोडा त्यांनी कधी खाल्ला नव्हता. म्हणाल्या, औषधासारखा वास आहे. मग सावकाश सगळी पोळी खाल्ली आणि विचारलं, हे कसं करतात? मी त्यांच्या तळहातावर चार वेलदोडे ठेवले. त्यांनी एक सोलला, आतले काळे दाणे नखानं मोकळे केले आणि नाकाशी धरले.

वसंतातल्या हिगानात माझी ताटली परत आली. तिथेही शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तीत दोन बोतामोची होते. खाताना वेलदोड्याचा वास आला. देव्हाऱ्यापुढचे वेगळे केले आहेत, त्यांत तो घातलेला नाही, असं त्या म्हणाल्या. हे दोन तुझे.