पंजे आधी पुसा

पावसात कुत्र्याला फिरवून आणलं की आपण त्याची पाठ पुसतो, बोटांच्या बेचक्या मात्र ओल्याच राहतात. खाज आणि बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून फडकं आधी पंजांना लावा.

मग गोचीड शोधा: कानात, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांमध्ये. गोचिडीवर रॉकेल ओतणारे अजून भेटतात. त्याने कातडीची आग होते, दुसरं काही नाही. बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, चिरडू नका. तिच्या चावण्यातून एर्लिकियोसिससारखा गंभीर आजार होतो. कुत्रा मलूल दिसला, जेवेना, तर डॉक्टरांकडे न्या.

रोज अंघोळ नको, माणसांचा शाम्पू तर नकोच. विंचरणं मात्र नियमित हवं. जेवणाआधी ठरलेल्या वेळी केलं की जनावर स्वतःहून येऊन बसतं. मांजर स्वतःला चाटून साफ ठेवतं, तरी लांब केसांच्या मांजराला कंगवा लागतोच, नाहीतर पोटात केसांचे गोळे होतात.

घरात दोन्ही असतील, तर एक लक्षात ठेवा: पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्यांचं गोचीडनाशक मांजराच्या जिवावर बेतू शकतं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय मांजराला थेंबही लावू नका.