कार्टूनमधली मुलगी आणि तिचा भाऊ

आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही नाही. आज आपण कार्टूनबद्दल बोलणार आहोत. हसू नका. भाकरी होईपर्यंत पोरं गप्प बसावीत म्हणून आपणच त्यांच्या हातात मोबाईल देतो. मग त्या तासाभरात आई कशी असते, बाप कसा असतो, मुलीनं काय करायचं आणि मुलानं काय, हे सगळं पोरं त्या चित्रांतूनही उचलतात.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेत डिस्ने कंपनीनं १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ नावाचा कार्टून सिनेमा काढला. त्यातली राजकन्या जीव वाचवायला रानात पळते आणि सात बुटक्यांच्या घरी पोचते. पोचल्यावर करते काय? घर झाडते, भांडी घासते, चुलीवर रांधायला ठेवते. राजकन्या झाली तरी सुटका नाही बघा! पुढे विषारी सफरचंद खाऊन पडते आणि राजपुत्र येऊन तिला जागं करतो.

पुढे १९६०-७० च्या सुमारास तिकडच्या बाया प्रश्न विचारायला लागल्या. मुलांच्या पुस्तकांत, टीव्हीवर मुली किती आणि मुलगे किती? मुली खिडकीत बसून बघतात आणि झाडावर फक्त मुलगेच चढतात, असं का? याला स्त्रीवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. काम कोण करतं, ताटात कुणाच्या किती पडतं, शेवटचा शब्द कुणाचा, हे विचारायचं. त्या विचारण्याचा परिणाम हळूहळू दिसला. त्याच डिस्नेनं २०१३ साली ‘फ्रोझन’ काढला. त्याची पटकथा एका बाईनं लिहिली, जेनिफर ली यांनी, आणि दोन दिग्दर्शकांत एक त्याच. त्यात दोन बहिणी आहेत. धाकटी थोरलीसाठी स्वतःचा जीव पुढे करते आणि त्यानंच शाप तुटतो. राजपुत्र तर लबाड निघतो.

पण राजवाड्यातल्या बहिणींपेक्षा मला जवळची वाटते ती मीना. आपल्याकडे १९७४ साली सरकारी समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल आला. देशात पुरुषांच्या मानानं बायकांची संख्या घटत चाललीय, हे त्यानं आकड्यांनिशी मांडलं. मुलींच्या पोटाला, शाळेला, औषधाला हात आखडता घेतला जातो, ही चर्चा मग वाढत गेली. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान अशा सार्क देशांनी १९९१ ते २००० हे बालिका दशक ठरवलं. त्याच दिवसांत युनिसेफनं मीना आणली. तिला चित्रात उभं केलं आपल्या मुंबईच्या राम मोहन यांनी. आणि हे ऑफिसात बसून ठरवलं नाही. वेगवेगळ्या देशांत लोकांना, पोरांना चित्रं दाखवली, विचारलं, आणि मग तिचं रूप, कपडे, नाव पक्कं केलं.

मीनाचा भाऊ राजू शाळेत जातो. मीना घरी. मग ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून गणित शिकते. त्या शिकण्याच्या जोरावर कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. तेव्हा कुठे बाप तिला शाळेत पाठवायला तयार होतो.

दुसरी गोष्ट आंब्याची. आंब्याच्या वाटणीत मोठा वाटा राजूला, जेवताना जादाचा घासही त्यालाच. का, तर तो मुलगा, त्याला कष्ट जास्त. मीना भांडत नाही. ती म्हणते, एक दिवस कामं बदलून बघू. राजूनं तिची कामं करायची, तिनं त्याची. संध्याकाळपर्यंत राजू पार दमतो, आणि ताटात त्या दिवशी त्याला मीनाचा वाटा मिळतो. मग त्याचं त्यालाच कळतं.

इथं मला जरा थांबावंसं वाटतं. आज आपली पोरं बघतात ‘छोटा भीम’. २००८ पासून चालू आहे. ढोलकपूरवर संकट आलं की लाडू खाऊन भीम धावतो. ते लाडू टुनटुन मावशीचे, आणि तिला घरकामात हातभार चुटकीचा. चुटकी धीट आहे, भीमासोबत जाते, तेवढा बदल झाला. ‘डोरेमॉन’मधली शिझुका तर अभ्यासात हुशार. पण मोठेपणी तिचं लग्न शून्य मार्कवाल्या नोबिताशीच ठरलेलं! आणि नोबिताची आई बघावी तेव्हा एप्रन बांधून घरात.

म्हणजे कार्टूनमधली मुलगी बदलली. ती लढते, घोड्यावर बसते. मुलगा मात्र होता तिथेच आहे. त्याला झाडू मारताना, धाकट्याला भरवताना किती वेळा दाखवलंय? मीनाच्या गोष्टीत राजूलाही बदलावं लागलं, तेही तीस वर्षांमागे. नंतरची कार्टूनं तिथून पुढे जायला हवी होती. माझं मत विचाराल तर ती मागे आली.

आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, “मुलाला हंडा उचलायला सांगितलं तर सासूबाई म्हणतात, पोराला बायकी करतेस.” खरं आहे, हे ऐकावं लागतं. मुलीला कराटे शिकवलं तर गाव टाळ्या वाजवतं, मुलाला भांडी घासायला लावलं तर गाव हसतं.

आपल्या झेडपीच्या शाळांतून मीना-राजू मंच चालतो. तुमच्या शाळेत आहे का, बाईंना विचारा. आणि पुढच्या गटाच्या बैठकीला पोरांनाही घेऊन या, पोरींबरोबर पोरंही. आंब्याची गोष्ट मोबाईलवर सगळ्यांनी मिळून बघू. बघून झाल्यावर पोरांनाच विचारायचं, काल घरी पाणी कुणी भरलं, आणि अंडं कुणाच्या ताटात पडलं. उत्तरं मला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवते.