बेकारांनो, वर्ग भरवा

(नांदेडच्या अभ्यास शिबिरात नांदेड-लातूरच्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



इथं बसलेल्या बऱ्याच जणांकडं पदवी आहे आणि जवळपास कुणाकडंच काम नाही. मंदी आली की पेपरवाले शेअर बाजाराचे आकडे छापतात. आपल्या वस्तीत ती वेगळ्या तोंडानं येते. मोंढ्यात हमाली मिळत नाही. बांधकामावरचा ठेकेदार 'पुढच्या हप्त्यात ये' म्हणतो. पुण्याच्या कंपनीत गेलेलं पोरगं बॅग घेऊन परत दारात उभं राहतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे आपण डोळ्यांनी पाहिलं. १९७२ च्या दुष्काळात आपले आजे-बाप सुकडी खाऊन खडी फोडत होते. पुढं नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली आणि शहरातल्या कामगाराच्या घरातही चूल विझली.

दरवेळी वरून उपदेश मात्र एकच. तुमच्यात कौशल्य नाही, आणखी शिका! मीही शिका म्हणायलाच उभा आहे, पण आधी हिशेब करू. २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज आले दहा लाखांवर. फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीव वर्गाला नऊशे. एका जागेमागं दोनशेच्या वर पोरं. उरलेली सगळी अडाणी होती काय? उद्या ती सगळी पीएच.डी. झाली तरी जागा तेवढ्याच राहणार. बेकारी ही तुमच्या डोक्याची खोट नाही, हे आधी पक्कं करा. जागा वाढवून घ्यायच्या तर मोर्चा काढावा लागतो, नुसतं परीक्षेला बसून भागत नाही.

मग बेकारीत शिकायचं कशाला?

बाबासाहेबांची १९१७ आणि १९१८ ही दोन वर्षं बघा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळेना. ती नोकरी सुटली. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअरच्या धंद्यातल्या लोकांना सल्ला द्यायचं काम सुरू केलं, तर सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाईक तुटलं. कोलंबियात शिकून आलेला माणूस मुंबईत बेकार! याच काळातला, १९१८ सालचा, त्यांचा लेख आहे भारतातल्या लहान शेतजमिनींवर. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं रेटली गेलीत, त्यांच्या हातांना दुसरं काम नाही, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असा त्याचा रोख. स्वतः बेकार असताना त्यांनी देशाच्या बेकारीचं मूळ शोधलं. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज काढलं, १९२० ला लंडन गाठलं आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. लंडन सोडतानाच त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली होती. शिक्षण थांबलं, पण नाव कापलं गेलं नाही.

आपलं इथंच बिघडतं. घरातला पगार बंद झाला की पोरगं कॉलेजला जायचं सोडतं, कुणाला सांगत नाही, फॉर्म भरत नाही. पोरीचं तर लग्नच उरकतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं आता एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय केली आहे. क्रेडिट जमा राहतात, परत येता येतं. सोय चांगली. पण बाहेर कोण पडणार आणि परत कोण येणार? डॉक्टरचा पोरगा एका वर्षात बाहेर पडत नाही. आपल्या पोरांसाठी ही सोय म्हणजे सभ्य भाषेतली हकालपट्टी होऊ द्यायची नसेल, तर बाहेर पडलेल्या एकेकाला परत आणायचं काम आपलं.

आता पैशाचं. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि इथल्या क्लासेसच्या गल्ल्यांत स्वप्नं हप्त्यानं विकतात. बापाचा तुकडा गहाण टाकून क्लास लावू नका. आधी हक्काचं घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न तिच्या मर्यादेबाहेर गेलं तर फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. काम करत शिकायचं तर १९८९ ला स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ आहे, त्याचं विभागीय केंद्र याच नांदेडात आहे. हाताला हुन्नर हवा तर आयटीआय आहे, आणि पुढं कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलात तर १९६१ च्या कायद्यानं विद्यावेतन मिळतं. पैसे वेळेवर येत नाहीत, हे मलाही माहीत आहे. कॉलेजनं शिष्यवृत्ती मिळण्याआधीच फी मागितली तर ती मागणी लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे क्लार्क गप्प बसतात.

ही विद्यापीठं आपल्याला कुणी भीक म्हणून दिलेली नाहीत. विधिमंडळानं १९७८ ला नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ ला गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, ज्याच्या हद्दीत आज नांदेड-लातूर आहे. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशा माणसांनीही विद्यापीठाच्या नावासाठी मार खाल्ला. तुमची पदवी अर्ध्यात सोडायची तर त्यांना काय सांगणार?

म्हणून एक काम करा. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी वर्ग भरवा. बी.ए. झालेल्यानं दहावी नापासाला शिकवावं. बी.कॉम.वाल्यानं सरकारचं बजेट फोडून सांगावं, पैसा कुठून येतो आणि कुठं मुरतो. नर्सिंग केलेल्या पोरीनं शरीराचं शास्त्र सांगावं. शिकवणाऱ्याचा विषय पक्का होतो, शिकणाऱ्याचा पैसा वाचतो, आणि सकाळपासून पानटपरीवर बसून स्वतःलाच शिव्या घालणारा आपला एक भाऊ माणसात येतो. एकट्याला बेकारी आतून खाते. पंधराजण एकत्र बसले की तीच बेकारी प्रश्न विचारायला लागते.

जाताना प्रत्येकानं वहीत आपल्या वस्तीतल्या शिक्षण सुटलेल्या पाचजणांची नावं लिहून द्या. त्यात दोन तरी मुली पाहिजेत. कुणाचं काय अडलंय ते पुढं लिहा: फी, दाखला, जातपडताळणी, का घरचा विरोध. यादी झाली की नांदेडवाले नांदेडच्या आणि लातूरवाले लातूरच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊ. सगळे मिळून जाऊ. आणि त्याच संध्याकाळी वर्ग भरवू.

जयभीम.