तारतंत्री आणि नियमांचें अध्ययन

कळ दाबतांच दिवा लागतो, आणि भिंतीआड कोणी काय करून ठेवलें आहे याचा विचार घरांतील माणसांच्या मनाला शिवतही नाहीं. गवंड्याची चूक ओलीच्या रूपानें दिसते, सुताराची चूक दार अडूं लागलें कीं कळते. तारतंत्र्याची चूक मात्र वर्षानुवर्षें निमूट राहते आणि एखाद्या दिवशीं ओल्या हातावर प्रकट होते. म्हणूनच या व्यवसायास परवाना लागतो. परंतु परवाना हा मिळाला त्या दिवसापुरत्या ज्ञानाचा दाखला होय. नियम पुढें चालतच राहतात.

१९१० च्या वीज कायद्याखालीं १९५६ सालीं जे नियम झाले, त्यांवर कारागिरांच्या दोन पिढ्या घडल्या. २००३ सालीं नवा कायदा आला. त्याखालीं केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें २०१० सालीं सुरक्षिततेचे विनियम काढले, आणि २०२३ सालीं त्यांची जागा नव्या विनियमांनीं घेतली. वायरिंगची भारतीय मानक संहिता, आय. एस. ७३२, ही १९८९ नंतर २०१९ सालीं पुन्हां सुधारली गेली. १९९० सालीं उमेदवारी केलेला कारागीर जर तेव्हांच्या वहीवर विसंबून राहिला, तर त्याचा हात कितीही सफाईदार असो, त्याचें काम मागें पडलेलें असतें.

नियम अधिकाऱ्यांच्या लहरीनें बदलतात असा कित्येकांचा समज आहे. एक उदाहरण घेऊं. माणसाच्या शरीराचा रोध सुमारें एक हजार ओहम मानला, तर २३० व्होल्टच्या तारेस स्पर्श होतांच त्याच्यांतून जवळजवळ पाव अँपिअर प्रवाह जमिनींत जातो. इतका प्रवाह प्राण घेण्यास पुरेसा आहे. पण १६ अँपिअरच्या वितळतारेला त्याची दादही लागत नाहीं. ती तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. ही उणीव ओळखूनच गळती टिपणारा स्विच पुढें आला; बाजारांत त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात. गेलेला व परतलेला प्रवाह यांत ०.०३ अँपिअरचा फरक पडला कीं तो पुरवठा तोडतो. मात्र फेज व न्यूट्रल या दोहोंस एकाच वेळीं हात लागून प्रवाह जमिनींत गेलाच नाहीं, तर तो स्विचही हतबल ठरतो. ज्याला हें कारण ठाऊक आहे, तो स्विच बसवून अर्थिंगची हिरवी तार गाळणार नाहीं.

कधीं कधीं जुना अनुभवच घात करतो. आपल्याकडे लाल, पिवळी व निळी या फेजच्या तारा आणि काळी न्यूट्रलची, असा प्रघात. युरोपांतून आलेल्या यंत्रांत निळी न्यूट्रल असते आणि काळी फेज असूं शकते. ब्रिटनमध्येंही पूर्वी आपल्यासारखेच रंग होते; २००४ सालीं ते बदलले. रंगावर विश्वासून काळी तार हातीं धरणाऱ्या कसबी माणसाचें कसब तेथें कामास येत नाहीं. पुरवठा बंद करून, परीक्षक लावून, खात्री झाल्यावरच तारेस हात लावावा.

आतां अडचण अशी कीं, हे विनियम राजपत्रांत हिंदींत व इंग्रजींत छापले जातात, आणि दिवसभर शिडीवर उभा राहिलेला माणूस रात्रीं तीं पानें वाचील ही अपेक्षा कठीण. यावर उपाय सहकार्याचा. गांवांतील तारतंत्र्यांनीं महिन्यांतून एखादा रविवार एकत्र बसावें. ज्याला भाषा येते त्यानें एकच कलम वाचून मराठींत सांगावें, आणि इतरांनीं आपल्या चालू कामाशीं तें ताडून पाहावें. शंका उरल्यास विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयांत विचारावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा कांहीं नवें सांगूं लागला, तर ज्येष्ठांनीं त्याला गप्प करूं नये.

घरमालकाचाही यांत वांटा आहे. “दिवा तर लागतो, मग तिसरी तार कशाला?” असें म्हणून तो चार पैसे वांचवूं पाहतो. अशा वेळीं नियम जाणणारा कारागीर कारण समजावून देऊं शकतो, आणि तरीही न पटल्यास काम नाकारूं शकतो. त्या नकारानें एक दिवसाची मजुरी बुडेल. पण त्या घरांतील पोरेंबाळें निर्धास्त वावरतील, आणि रात्रीं त्या कारागिरालाही स्वस्थ झोंप लागेल.